ग्रीन कार्डच्या जाहिराती छापताना सातबारा विकणाऱ्यांचाही विचार करा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरचा जुना वाचक, घरी वडिलांच्या वेळेपासून तुमचाच पेपर येतो. पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. गेल्या दोन रविवारी पुरवणीत अर्ध्या पानाची जाहिरात आली, "मुलांचं अमेरिकेतलं भविष्य सुरक्षित करा, ग्रीन कार्डची हमी, शेवटची संधी". खाली हॉटेलचं नाव आणि सेमिनारची वेळ. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना. ती बघून मला राहवलं नाही कारण अशाच एका जाहिरातीवरून आम्ही २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका हॉटेलात जाऊन बसलो होतो, आणि तिथून पुढे आमच्या घरावर काय काय आलं ते मलाच माहीत. कंपनीचं नाव घेत नाही, मला कुणाशी भांडायचं नाहीये. पण आमच्या खेड तालुक्यात, चाकणच्या आजूबाजूला, हिंजवडी-माणकडे ज्यांच्या जमिनी विकल्या जातायत त्यांच्यापर्यंत हे मराठीतून पोचलं पाहिजे असं फार वाटतं.

आधी आमचं सांगतो. मुलगा अमेरिकेत एमएस करून तिथेच नोकरीला लागला, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर ठराविक मुदतीपुरती मिळणारी कामाची परवानगी. एच-१बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, त्याच्या लॉटरीत २०२३ ला नाव नाही, २०२४ ला नाही (२०२५ ला पण नाहीच आलं). ओपीटीची मुदत संपत आली की परत यायचं, आणि समजा एच-१बी लागला असता तरी भारतात जन्मलेल्यांची नोकरीवरच्या ग्रीन कार्डची लाईन एवढी लांब आहे की त्याच्या पोराबाळांची वयं उलटून जातील. रोज रात्री फोनवर तेच ते. त्यात बायकोच्या भाच्याने सांगितलं की मामा इन्व्हेस्टर व्हिसा असतो, ईबी-५ म्हणतात, पैसे भरले की काम होतं. मी सेमिनारला गेलो तो हे "पैसे भरले की काम होतं" डोक्यात घेऊनच गेलो.

तर हे ईबी-५ म्हणजे काय ते मला नंतर दीड वर्षात जे कळलं ते साध्या भाषेत लिहितो. अमेरिकेने १९९० च्या कायद्यात हा रस्ता काढला. परदेशी माणसाने तिथल्या धंद्यात पैसे घालायचे, त्यातून तिथल्या किमान १० लोकांना फुलटाईम नोकरी मिळाली पाहिजे, मग गुंतवणूकदाराला, त्याच्या नवरा-बायकोला आणि २१ वर्षांखालच्या लग्न न झालेल्या मुलांना ग्रीन कार्ड. बरीच वर्षं रक्कम ५ लाख डॉलर होती. मार्च २०२२ मध्ये नवीन कायदा आला तेव्हापासून ग्रामीण किंवा बेरोजगारी जास्त असलेल्या भागातल्या प्रोजेक्टला ८ लाख डॉलर, बाकी ठिकाणी १० लाख ५० हजार. बहुतेक लोक स्वतः धंदा काढत नाहीत, रीजनल सेंटर म्हणून सरकारमान्य मध्यस्थ संस्था असते तिच्या मार्फत एखाद्या हॉटेल, बिल्डिंग, कारखान्याच्या प्रोजेक्टमध्ये पैसे घालतात. ग्रामीण प्रोजेक्टला २० टक्के व्हिसा राखीव आहेत आणि त्या फायली आधी बघायच्या असं कायद्यातच लिहिलंय. आमचं शेवटी त्यातच झालं. आणि मंजुरी आली तरी पहिलं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, अटीचं असतं. ती दोन वर्षं संपायच्या आधीच्या ९० दिवसांत परत अर्ज करून दाखवायचं की पैसे खरंच लागले, नोकऱ्या खरंच झाल्या. मग अट निघते.

आता जाहिरातीतल्या त्या एका शब्दाकडे येतो, "हमी". साहेब, या व्हिसाचा पायाच असा आहे की पैसे जोखमीत असले पाहिजेत. बुडू शकतील असेच असले पाहिजेत. तुमचे पैसे अमुक तारखेला परत देतो असं कुणी लिहून दिलं तर अमेरिकेचं इमिग्रेशन खातं म्हणतं ही गुंतवणूकच नाही, आणि अर्ज नामंजूर होऊ शकतो. म्हणजे जो एजंट हमी देतोय तो एकतर खोटं बोलतोय किंवा त्याने खरंच लिहून दिलं तर तुमचीच फाईल बुडवतोय. हे आम्हाला सेमिनारमध्ये कुणीही सांगितलं नाही. दीडशे माणसं होती तिथे, त्यातली निम्मी आमच्यासारखी, कपाळाला गंध, हातात पिशवी, मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत.

स्क्रीनवर त्यांनी एक कागद दाखवला, वर अमेरिकन सरकारचा शिक्का, "प्रोजेक्ट अप्रूव्ह झालेला आहे" म्हणाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मोबाईलवर फोटो काढला आणि मुलाला पाठवला. आणि त्याच दिवशी, त्याच्या उत्तराची वाट न बघता, फाईल ओपनिंगचे म्हणून ५ लाख रुपये भरून आलो, कारण म्हणे आज भरले तर सूट आहे. रात्री मुलाचा फोन आला. बाबा, फोटो मोठा करून बघा, उजवीकडच्या चौकटीत काय लिहिलंय. रिसीट नोटीस लिहिलं होतं. म्हणजे अर्ज पोचल्याची पावती, मंजुरी नाही. आणि त्याच कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत छापलेलं असतं की या नोटिशीने कुठलाही इमिग्रेशनचा दर्जा किंवा लाभ मिळत नाही. दीडशे माणसांसमोर लावलेल्या कागदावर ते लिहिलेलं होतं आणि आमच्यातल्या एकानेही वाचलं नाही, मी स्वतः चाळीस वर्षं भोसरीत वर्कशॉप चालवलंय, ड्रॉइंगवरची मिलिमीटरची रेघ सोडत नाही, तरी मी वाचलं नाही. ते ५ लाख परत मिळाले नाहीत. करारात नवव्या पानावर लिहिलेलं होतं की परत मिळणार नाहीत. ते ठीक आहे, सही माझीच होती.

नंतर मुलाने अमेरिकेतला वकील गाठला, फीचा स्वतंत्र, प्रोजेक्टवाल्यांकडून एक पैसा न घेणारा. त्याने पहिल्या मीटिंगला जे सांगितलं ते जाहिरातवाल्यांनी सांगायला हवं होतं. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या 'जे पीक'ची गोष्ट सांगितली. डोंगरातलं स्कीईंगचं मोठं रिसॉर्ट, तिथलं रीजनल सेंटर खुद्द त्या राज्याचं सरकार चालवत होतं, त्यामुळे लोकांना वाटलं याहून खात्रीचं काय असणार. ७४ देशांतल्या ८०० च्या वर लोकांनी ३५ कोटी डॉलर घातले. एप्रिल २०१६ मध्ये तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाने, एसईसीने, केस केली की एका प्रोजेक्टचे पैसे दुसऱ्याच्या भोकात घालत होते. न्यूपोर्ट गावात भर बाजारपेठेतल्या इमारती पाडून नुसता खड्डा राहिला, आणि बायोटेकचा कारखाना व्हायचा होता तो झालाच नाही. मालक एरियल किरोस आणि रिसॉर्टचा अध्यक्ष बिल स्टेंजर दोघांना २०२२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. आणि त्याच्याही आधी शिकागोमध्ये विमानतळाजवळ कन्व्हेन्शन सेंटर बांधतो म्हणून बहुतेक चिनी गुंतवणूकदारांकडून जवळपास १५ कोटी डॉलर गोळा केले होते, तो प्रोजेक्ट उभाच राहिला नाही, एसईसीने २०१३ ला केस केली. हे ऐकून त्या रात्री बायको म्हणाली सोडून द्या, येऊदे त्याला परत. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही.

तरी आम्ही केलं, पण डोळे उघडे ठेवून केलं. २०२२ च्या कायद्याने फसवणुकीवर बरेच लगाम घातलेत हे खरं आहे. रीजनल सेंटरची तपासणी होते, प्रोजेक्टचा अर्ज वेगळा मंजूर व्हावा लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जो कुणी एजंट, दलाल, मायग्रेशन कन्सल्टंट तुम्हाला प्रोजेक्ट विकतो त्याला अमेरिकेच्या खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि त्याला या व्यवहारात कुणाकडून किती कमिशन मिळतंय ते गुंतवणूकदाराला लेखी दाखवून त्यावर सही घ्यावी लागते. मी त्या पहिल्या एजंटला हा कागद मागितला होता, टोकन म्हणजे ते ५ लाख गेल्यानंतर, तर म्हणाला ती इंटर्नल गोष्ट असते. ती इंटर्नल नसते. जो जो हे पत्र वाचेल त्याने पहिल्या भेटीत हा एक कागद मागावा.

पण खरं घोडं अडतं ते आपल्याकडे, आणि याबद्दल मराठीत कुठेच काही छापून येत नाही. ८ लाख डॉलर म्हणजे आजच्या भावाने सात कोटी रुपयांच्या वर. एवढे पैसे आमच्यासारख्याकडे येणार कुठून तर जमिनीतून. वडिलोपार्जित चार एकर, त्यातली माझ्या वाटणीची दोन एकर विकली आणि वर्कशॉपच्या एफडी मोडल्या. अमेरिकेचं खातं फक्त पैसे बघत नाही, पैशाचं कूळ बघतं. तो रुपया कायदेशीर मार्गाने आला का आणि कुठल्या कुठल्या खात्यांतून फिरत तिथे पोचला, प्रत्येक पायरीचा कागद. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, बहिणींचं हक्कसोडपत्र, खरेदीखत, इंडेक्स टू, मूल्यांकन, टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंटं. आणि सगळं इंग्रजीत, भाषांतर करणाऱ्याच्या दाखल्यासकट.

पहिला गिऱ्हाईक आला तो म्हणाला साठ टक्के चेकने, चाळीस रोखीत. आपल्याकडे हे नवीन नाही, सगळ्यांना माहीत आहे. इसाराचे २० हजाराच्या वर रोखीत घ्यायचे नाहीत असा २०१५ पासून कायदा आहे तरी चालतं. पण ती चाळीस टक्के रोख या कामात शून्य किमतीची आहे, ती अमेरिकेत जाऊ शकत नाही आणि दाखवता येत नाही, आणि खरेदीखतावर कमी किंमत दाखवली की तेवढीच किंमत तुमची. मी सांगितलं सगळे चेकने. तीन गिऱ्हाइकं गेली. भावकीतले म्हणायला लागले याला व्यवहार कळत नाही. शेवटी गुंठ्यामागे दीड लाख कमी घेऊन व्यवहार केला, पण एक एक रुपया आरटीजीएसने आला. ज्यांनी पूर्वीच अर्धे रोखीत घेऊन जमिनी विकल्यात आणि आता मुलाच्या व्हिसासाठी निघालेत त्यांना सेमिनारमध्ये एजंट म्हणतो "ते नंतर बघू". नंतर काहीही बघता येत नाही.

मग वकिलाने विचारलं आजोबांकडे जमीन कशी आली. आम्ही माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. खाली, आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेलं, १९४८ चं खरेदीखत सापडलं, स्टँपपेपर हाताला लागला की कडा तुटत होत्या, आणि सगळं जुन्या मोडी लिपीत. घरात एकालाही एक अक्षर लागेना. पुण्यात एक मोडी वाचणारे गृहस्थ भेटले, त्यांनी भिंगातून बघत बघत वाचून दाखवलं, आजोबांचं नाव आलं, चतुःसीमा आल्या, ओढ्याचं नाव आलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगता येणार नाही, आजोबांनी जी जमीन घेतली तिचा कागद मी पहिल्यांदा ऐकत होतो आणि जमीन विकून झाली होती. असो. पुढे त्यातच अजून एक अडचण, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, जुन्या कागदात एकर-गुंठ्यात, वर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा, भाषांतर करणाऱ्या मुलीने पोटखराबा सोडूनच दिला, त्यामुळे बेरीज जुळेना आणि तिकडच्या वकिलाचा मेल आला की जमीन कमी का दिसते. तीन आठवडे त्या पोटखराब्यात गेले.

आता पैसे पाठवायचे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर एवढीच मर्यादा. आम्ही काय केलं तर मी आणि बायकोने मिळून मार्च २०२५ मध्ये ५ लाख डॉलर, आणि १ एप्रिलनंतर नवीन वर्षात बाकीचे ३ लाख आणि वरची ६० हजार डॉलरची अ‍ॅडमिन फी. हो, ती फी ८ लाखांत धरत नाहीत, वेगळी असते, आणि वकिलाची अजून वेगळी. मुलाला बक्षीस म्हणून दिले, आणि बायकोच्या खात्यावर मी टाकलेल्या पैशांचं सुद्धा आधी बक्षीसपत्र केलं कारण तिचे पैसे कुठून आले तेही विचारतात. बँकेकडून कर्ज काढून असे पैसे पाठवायला परवानगी नाही, त्यामुळे "कमी पडले तर लोन करून देऊ" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

आणि टीसीएस! याबद्दल तर आम्हाला बँकेच्या काउंटरवर कळलं. ठराविक मर्यादेच्या वर, तेव्हा ७ लाख रुपये होती आणि १ एप्रिल २०२५ पासून १० लाख झाली, जेवढे पैसे बाहेर जातात त्यावर बँक २० टक्के टॅक्स आधीच कापून घेते. म्हणजे सात कोटी पाठवायचे तर वर एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास अजून रोख तयार पाहिजे. ते बुडत नाहीत, रिटर्नमध्ये वळते होतात किंवा रिफंड मिळतो, पण तोपर्यंत अडकतात. मार्चचे आमचे जमिनीवरच्या टॅक्समध्ये वळते झाले. एप्रिलचे ५५-६० लाख आजही अडकलेत, यंदाचं रिटर्न भरल्यावर सुटतील. सेमिनारमध्ये आम्हाला खर्चाचा जो तक्ता दिला होता त्यात टीसीएस हा शब्द सुद्धा नव्हता. आमच्या ओळखीतल्या एकांना यासाठी घाईघाईत बायकोचे दागिने मोडावे लागले, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

अजून एक, कारण आता नवीनच घोळ सुरू झालाय. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्पनी गोल्ड कार्डचा आदेश काढला आणि त्याच दिवशी नवीन एच-१बीवर १ लाख डॉलरची फी लावली. तेव्हापासून एजंट लोक गोल्ड कार्ड आणि ईबी-५ एकत्र करून सांगतात. दोन्ही वेगळे आहेत. गोल्ड कार्डात १० लाख डॉलर सरकारला देणगी द्यायची, वर १५ हजार डॉलर प्रोसेसिंग फी. देणगी म्हणजे ती परत येत नाही. आणि ते नोकरीच्याच ईबी-१, ईबी-२ गटातून देणार, ज्या गटांत भारतीयांची आधीच लाईन आहे. हे न सांगता "दोन पर्याय उपलब्ध" असं छापतात.

"शेवटची संधी"चं पण सांगतो. रीजनल सेंटरची योजना कायद्याने ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. ३० सप्टेंबर २०२६ च्या आत अर्ज गेला तर पुढे योजना बंद पडली तरी त्या अर्जाला संरक्षण आहे. आणि जानेवारी २०२७ मध्ये महागाईप्रमाणे रक्कम वाढणार आहे. तारखा खऱ्या आहेत, मी नाकारत नाही. पण या तारखा दाखवून माणसाला आठ दिवसांत टोकन भरायला लावणं हे पाप आहे, कारण आमचे नुसते कागद जमवायला सात महिने लागले. ज्याचा सातबारा अजून भावकीत अडकलाय, ज्याच्या बहिणींच्या सह्या झालेल्या नाहीत, त्याने टोकन भरून काय होणार, फक्त टोकन जाणार.

मुलाने अमेरिकेत बसूनच अर्ज केला, गुंतवणुकीचा आणि ग्रीन कार्डचा असे दोन्ही फॉर्म एकत्र भरता आले त्यामुळे वर्क परमिट आलं, आता एच-१बीची लॉटरी बघावी लागत नाही. मुख्य फाईल पेंडिंग आहे. ८ लाख डॉलर तिथल्या एका छोट्या गावाजवळच्या प्रोजेक्टमध्ये आहेत, इमारत वर येतेय, दर महिन्याला फोटो येतात आणि मी ते आधीचा फोटो शेजारी ठेवून बघतो, स्लॅब किती चढला ते. परत मिळतील की नाही हे मला आज माहीत नाही आणि कुणालाही माहीत नाही. आम्ही हे समजून केलंय. माझं म्हणणं एवढंच की बाकीच्यांनाही समजून करू द्या.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती आहे. ज्या जाहिरातीत "ग्रीन कार्डची हमी" असेल ती छापू नका, किंवा निदान त्यांच्याकडे नोंदणीचा पुरावा मागा. आणि रविवारच्या पुरवणीत एक पूर्ण पान मराठीत या विषयावर द्या, जमिनीच्या कागदांपासून टीसीएसपर्यंत, चाकण, खेड, मुळशी, मावळ, शिरूर इकडच्या आवृत्तीत तरी नक्की. इंग्रजीत माहिती भरपूर आहे, पण सही करणारा बाप ती वाचत नाही. बातमीदाराला माझ्याकडे पाठवा, दोन बॉक्सफाईल भरून कागद आहेत, टोकनचा करार आहे नवव्या पानासकट, स्क्रीनवरच्या त्या पावतीचा फोटो आहे, टीसीएसच्या पावत्या आहेत. काहीही झाकून ठेवणार नाही. मोडीचं खरेदीखत मात्र घरी येऊनच बघावं लागेल, ते आता ट्रंकेतून हलवत नाही.

आपला,
एक वाचक, खेड तालुका, जि. पुणे